‘क्लॉक स्क्यू’ दिसला की टच मारू नका: बिल्ड मशीन्सची घड्याळं जुळवायचा क्रम

एकाच कोडचं बिल्ड चार-पाच मशीन्सवर चालतं, मधे एक एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून सगळ्यांना एकच डिस्क देणारा) असतो, आणि एक दिवस मेक, म्हणजे बिल्ड चालवणारं टूल, म्हणतो ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, युवर बिल्ड मे बी इनकम्प्लीट’, म्हणजे घड्याळं जुळत नाहीत, बिल्ड अर्धवट असू शकतं. मग लोक काय करतात, तर अख्ख्या सोर्स ट्रीवर टच मारतात (म्हणजे प्रत्येक फाइलवर आत्ताची वेळ टाकतात), वॉर्निंग गायब होते आणि सगळे चहाला जातात. असं करू नका. ही वॉर्निंग ज्या दिशेला येते (बिल्ड मशीनचं घड्याळ मागे) ती त्यातल्या त्यात बरी दिशा आहे, खरी घातक दिशा (घड्याळ पुढे) वॉर्निंग देतच नाही, आणि टच मारलात की नेमका पुरावाच पुसला जातो.

खाली सगळं लिनक्स, जीएनयू मेक आणि क्रोनी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) धरून लिहिलंय. कमांड्स मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा.

१. बिल्ड थांबवा आणि कागदावर यादी करा

सगळे बिल्ड एजंट (मशीनवर बिल्डची कामं चालवणारे प्रोग्राम) पॉज करा, चालू असलेलं संपू द्या किंवा मारून टाका, पण घड्याळाला हात लावताना एकही कंपायलर चालू नको. कारण सोपं आहे: अर्ध्या ऑब्जेक्ट फाइली (कंपायलर सोर्समधून बनवतो त्या) जुन्या घड्याळाने बनल्या आणि उरलेल्या नव्या घड्याळाने, तर त्यातली कुठली खरी नवी हे नंतर कोणीच सांगू शकत नाही.

मग प्रत्येक मशीनसमोर लिहा: खरं हार्डवेअर आहे की व्हीएम (आभासी मशीन) की कंटेनर, त्यावर वेळ कोण सांभाळतंय, आणि सोर्स, ऑब्जेक्ट आणि जनरेट झालेल्या फाइली नक्की कुठल्या डिस्कवर जातात. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात आणि पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे.

ध्यानात ठेवा: यादीत एनएफएस सर्व्हर पण लिहायचा. तो ‘स्टोरेजवाल्यांचा डबा’ असतो, त्याचं वेबपेज वेगळं, पासवर्ड तिसऱ्याच माणसाकडे, म्हणून त्याचं घड्याळ बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

२. फाइलवर शिक्का कोणाच्या घड्याळाचा?

मेक फाइलीच्या आत बघत नाही. तो फक्त एमटाइम बघतो, म्हणजे फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ. ऑब्जेक्ट सोर्सपेक्षा जुना असेल तर पुन्हा बनवतो, नसेल तर सोडून देतो. आता ही वेळ कोण टाकतं ते बघा. लोकल डिस्कवर लिहिलं तर त्या मशीनच्या कर्नलचं घड्याळ. एनएफएसवर साधं लिहिलं तर सर्व्हरचं घड्याळ, तुमच्या मशीनचं नाही. आणि आरसिंक हायफन ए, सीपी हायफन पी किंवा टार उघडून आलेली फाइल असेल तर जिथून आली तिथलं घड्याळ, म्हणजे कोणाच्या तरी लॅपटॉपचं.

सगळं एकाच एनएफएसवर असेल तर सगळे शिक्के एकाच हाताचे, त्यामुळे बिल्ड मशीनचं घड्याळ चुकलं तरी वॉर्निंगा येतात पण बिल्ड सहसा चुकत नाही. खरा घोळ होतो तो सोर्स एनएफएसवर आणि ऑब्जेक्ट लोकल एसएसडीवर असतात तेव्हा, आणि स्पीडसाठी आजकाल बरेच जण तेच करतात.

उदाहरण घ्या. सर्व्हर बरोबर आहे, बिल्ड मशीन ४० सेकंद पुढे. खऱ्या १०:०५:०० ला कंपाइल झालं, ऑब्जेक्टवर शिक्का पडला १०:०५:४०. खऱ्या १०:०५:२० ला तुम्ही हेडरमधला एक कॉन्स्टंट बदलून सेव्ह केलं, त्यावर सर्व्हरचा शिक्का १०:०५:२०. आता मेक चालवा: ऑब्जेक्ट ४० वाला, हेडर २० वाला, म्हणजे ऑब्जेक्ट नवा, काही करायची गरज नाही. जुना कॉन्स्टंट तसाच बायनरीत गेला. वॉर्निंग? नाही, कारण या मशीनच्या घड्याळात तेव्हा दोन्ही शिक्क्यांच्या पलीकडचंच काहीतरी वाजलेलं असतं, भविष्यातली फाइल त्याला एकही दिसत नाही.

आता उलटं, मशीन ४० सेकंद मागे. हेडर त्याला भविष्यातलं दिसतं, मेक बोंबलतो, आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा कंपाइल करत बसतो. वेळ जातो पण बिल्ड बरोबर निघतं. म्हणजे जिथे बोंब आहे तिथे नुकसान कमी, जिथे शांतता आहे तिथे जुना कोड रिलीजमध्ये.

एका ठिकाणी काम करताना आमची पाचही बिल्ड मशीन्स मिलिसेकंदापर्यंत जुळलेली होती आणि तरी बदल हरवायचे. स्टोरेजचा डबा बसवल्यापासून एनटीपीशिवाय (म्हणजे नेटवर्कवरून वेळ न जुळवता) चालत होता, तो दोन मिनिटं मागे. परिणाम काय, तर बिल्ड झाल्यावर दोन मिनिटांच्या आत हेडर सेव्ह केलं की तो बदल यायचाच नाही, रमतगमत केलं की यायचा. टीममधला जो सगळ्यात भराभर काम करायचा त्यालाच आम्ही दीड दिवस ‘तू नीट सेव्ह करत नाहीस’ म्हणून ऐकवत होतो.

तपासा: तुमच्या कागदावर सोर्स आणि ऑब्जेक्टचे शिक्के दोन वेगळ्या घड्याळांचे असतील तर वॉर्निंग येवो न येवो, पुढच्या सगळ्या पायऱ्या करा.

३. फरक मोजा, पण डेटचा लूप लावून नाही

सगळ्यात कॉमन चूक ही. लोक एसएसएचचा लूप लावून प्रत्येक मशीनवर डेट चालवतात, आकडे एकाखाली एक बघतात आणि म्हणतात अरे पाचवं मशीन दोन सेकंद पुढे आहे. पुढे नाहीये हो, एसएसएच जोडायलाच प्रत्येकाला अर्धा सेकंद लागला, पाचव्याचा नंबर शेवटी आला एवढंच.

त्याऐवजी प्रत्येक मशीनवर ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ चालवा. ‘सिस्टम टाइम’ची ओळ बघायच्या आधी ‘लीप स्टेटस’ बघा. तिथे ‘नॉट सिंक्रोनाइज्ड’ असेल तर बाकीचे आकडे कितीही गोंडस दिसले तरी त्यांना अर्थ नाही. क्रोनी चालू नसलेल्या मशीनवर ‘क्रोनीडी हायफन मोठा क्यू’ आणि पुढे अवतरणात सर्व्हरचं नाव नि आयबर्स्ट दिलं की तो घड्याळाला हात न लावता फक्त किती चुकलंय ते सांगतो.

एनएफएस सर्व्हरमध्ये लॉगिन करता येत नसेल तर सँडविच करा. एका ओळीत तीन गोष्टी: लोकल डेट नॅनोसेकंदांसकट, मग एको वापरून एनएफएसवर एक नवी छोटी फाइल, मग परत डेट. आता स्टॅटने (फाइलची माहिती दाखवणारी कमांड) त्या फाइलचा एमटाइम बघा, दोन डेटच्या मधे बसला पाहिजे. दोन-चार मिलिसेकंद आधीचा दिसला तर घाबरू नका, कर्नल फाइलवर शिक्का मारताना टिकची ढोबळ वेळ वापरतं, २५० हर्ट्झच्या कर्नलवर टिक ४ मिलिसेकंदांचा असतो.

आणि हे घड्याळाचं दुखणं समजू नका: एका मशीनवर बदललेली फाइल दुसऱ्यावर काही सेकंद जुनीच दिसते. तो एनएफएसचा ॲट्रिब्यूट कॅश, म्हणजे मशीनने फाइलींची माहिती थोडा वेळ स्वतःकडे धरून ठेवणं, फाइलींसाठी डीफॉल्ट ३ ते ६० सेकंदांचा. मेक फाइल उघडत नाही, नुसतं स्टॅट करतो, म्हणून त्यालाच हा कॅश जास्त नडतो. घड्याळं परफेक्ट करूनही हे जाणार नाही, त्यासाठी माउंटचे ऑप्शन बघावे लागतात किंवा एका बिल्डची पायरी एकाच मशीनवर ठेवावी लागते.

४. एका मशीनवर घड्याळवाला एकच

सिस्टमडीचा टाइमसिंकडी, जुना एनटीपीडी आणि क्रोनी असे दोन-दोन एकाच मशीनवर चालू सापडतात, दोघं घड्याळ आपापल्या बाजूला ओढतात. एक ठेवा, बाकीचे डिसेबल करा, नुसते स्टॉप नाही, नाहीतर रीबूटनंतर परत उगवतील. बिल्ड फार्मसाठी मी क्रोनीच ठेवतो, व्हीएम आणि तुटक नेटवर्कमध्ये तो लवकर सावरतो. व्हीएमवेअर असेल तर त्याच्या टूल्सचं टाइम सिंक पण बंद.

मग सोर्स ठरवा. बिल्डसाठी जगाशी जुळण्यापेक्षा आपापसात जुळणं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून प्रत्येक मशीनला बाहेरच्या पूलवर सोडू नका. आत तीन-चार टाइम सर्व्हर ठेवा, ते बाहेरून वेळ घेतील, बाकी सगळे त्यांच्याकडून घेतील, आणि त्या ‘बाकी सगळ्यां’मध्ये स्टोरेज पण आला. दोनच ठेवलेत तर दोघांत मतभेद झाला की खोटं कोण बोलतंय ते कळायला मार्ग नाही, तीन असले तर एक खोटा पकडता येतो. फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ उघडा आहे का बघा, टीसीपी उघडून बसलेले लोक मी पाहिलेत.

बाहेरचे सोर्स निवडताना एक खड्डा: गूगलचे टाइम सर्व्हर लीप सेकंद (अधूनमधून यूटीसीत घालतात तो जादा सेकंद) २४ तासांवर पसरवून टाकतात, बाकीचे बरेच सर्व्हर तसं करत नाहीत, त्यामुळे दोन्ही प्रकार मिक्स करू नका. ॲमेझॉनवर असाल तर १६९.२५४.१६९.१२३ हा पत्ता मशीनच्या आतूनच मिळतो, बाहेर जायची गरज नाही. आणि सर्व्हर भारतात असतील तर सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची असतात. तेव्हा आतल्या टाइम सर्व्हरना वर तेच लावून टाका, ऑडिटवाला आला की शोधाशोध नको.

तपासा: ‘क्रोनीसी सोर्सेस’मध्ये एका ओळीपुढे तारा हवा आणि ‘रीच’ ३७७ हवा, म्हणजे मागचे आठही प्रयत्न लागले. क्रोनी सुरू केल्या केल्या ३७७ दिसणार नाही, थोडं थांबा.

५. उडी मारायची की सरकवायचं

घड्याळ दुरुस्त करायचे दोन प्रकार. एक उडी, एका झटक्यात बरोबर वेळेवर. दुसरा सरकवणं, म्हणजे घड्याळ थोडं हळू किंवा जलद चालवून हळूहळू आणणं. बिल्ड चालू असताना मागे उडी म्हणजे आपत्ती, कारण आत्ता बनलेला ऑब्जेक्ट दहा सेकंदांपूर्वीच्या सोर्सपेक्षा जुना ठरू शकतो. म्हणून पहिल्या पायरीत सगळं थांबवलं. आता बिनधास्त ‘क्रोनीसी मेकस्टेप’ मारा. आधी टाइम सर्व्हरवर, मग स्टोरेजवर, मग बिल्ड मशीन्सवर, हाच क्रम. उलटा केलात तर बिल्ड मशीन चुकीच्या सर्व्हरशी छान जुळतील आणि परत सगळं करावं लागेल.

कॉन्फिगमध्ये नेहमी दिसणारी ओळ म्हणजे ‘मेकस्टेप १.० ३’. तिचा अर्थ फरक १ सेकंदापेक्षा जास्त असेल तर उडी मार, पण सुरू झाल्यावरच्या पहिल्या ३ अपडेटमध्येच, त्यानंतर फक्त सरकव. हे मुद्दाम असं आहे आणि बदलू नका. शेवटचा आकडा उणे एक करून ‘कधीही उडी मार’ असं ठेवलेलं मी बघितलंय, त्यातून भर बिल्डमध्ये घड्याळ मागे जातं.

पण याची दुसरी बाजू पण समजून घ्या. क्रोनी डीफॉल्टमध्ये जास्तीत जास्त सेकंदाला साधारण एक बारांश सेकंद सरकवतो. म्हणजे घड्याळ १० मिनिटं मागे पडलं तर भरून यायला दोन तास, आणि ते दोन तास मशीन वरवर एकदम धडधाकट दिसतं.

६. व्हीएम, कंटेनर, आणि तो साडेपाच तासांचा फरक

वरचे दोन तास कुठे येतात, तर व्हीएम पॉज करून उठवला किंवा स्नॅपशॉटवरून परत आणला तेव्हा. आतल्या घड्याळाला मधला वेळ गेला हे कळतच नाही. म्हणून स्नॅपशॉटवरून एजंट उठवणारी स्क्रिप्ट असेल तर तिच्यात, एजंटला काम मिळायच्या आधी, मेकस्टेप घाला. केव्हीएमवर होस्टचं घड्याळ पीटीपीच्या डिव्हाइसमधून थेट आत घेता येतं, जमलं तर तेच करा.

कंटेनरमध्ये क्रोनी टाकू नका. कंटेनर होस्टच्या कर्नलचंच घड्याळ वापरतो, स्वतःचं नसतंच. होस्ट बरोबर करा. मॅकवर डॉकर चालवत असाल तर मधे एक लपलेला व्हीएम असतो, लॅपटॉप झोपून उठला की तो मागे राहू शकतो, तेव्हा ‘कंटेनरमधलं घड्याळ चुकतंय’ म्हणजे त्या व्हीएमचं.

फरक बरोब्बर १९८०० सेकंद आला तर तो ड्रिफ्ट, म्हणजे घड्याळ हळूहळू सरकणं, नाही. १९८०० म्हणजे साडेपाच तास, म्हणजे आयएसटी आणि यूटीसीची गल्लत. बहुतेक वेळा ड्युअल बूट मशीन असतं: विंडोज हार्डवेअर घड्याळात लोकल वेळ लिहितं, लिनक्स ती यूटीसी समजून वाचतं आणि साडेपाच तास पुढे उठतं. टाइमझोन बदलून हे ‘दुरुस्त’ करू नका, भिंतीवरची वेळ बरोबर दिसेल पण फाइलींवरचे शिक्के तसेच चुकत राहतील, कारण एमटाइमला टाइमझोन नसतो. हार्डवेअर घड्याळ यूटीसीवर आणा आणि विंडोजला तसं सांगा.

साधा क्वार्ट्झ २० पीपीएमने (दहा लाखांत २०) चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. तेव्हा तासांचा किंवा वर्षांचा फरक दिसला तर कारण ड्रिफ्ट नसतं, झोन बघा नाहीतर मदरबोर्डवरचा सेल बदला.

७. डागाळलेल्या फाइली काढा, आणि आधी ऑब्जेक्टच

घड्याळं बरोबर झाली म्हणून फाइली बरोबर झाल्या असं होत नाही. जुने शिक्के डिस्कवर तसेच आहेत.

आधी सगळे ऑब्जेक्ट, लायब्ररी, जनरेट झालेल्या फाइली आणि प्रीकम्पाइल्ड हेडर उडवा, सगळ्या मशीन्सच्या लोकल डिस्कवरून. गिट क्लीन वापरत असाल तर आधी हायफन एन लावून काय काय जाणार ते वाचा, कमिट न केलेली कॉन्फिग फाइल एकदा गेली की गेली. ‘फक्त भविष्यातल्या फाइली शोधून काढतो’ हा शॉर्टकट इथे चालत नाही, कारण दुसऱ्या पायरीतलं उदाहरण आठवा, घातक ऑब्जेक्टवरचा शिक्का चाळीसच सेकंद पुढचा होता आणि आता तो भूतकाळातच आहे, शोधून सापडणार नाही.

मग सोर्समध्ये फाइंडला न्यूअर-एमटी आणि नाऊ देऊन भविष्यातल्या फाइली शोधा आणि फक्त त्यांच्यावर टच मारा. टचची जागा एवढीच. ऑब्जेक्ट उडवायच्या आधी अख्ख्या ट्रीवर टच मारला तर जुना ऑब्जेक्ट आणि नवा सोर्स यांचे शिक्के काही मिलिसेकंदांच्या फरकाने पडतात, कोण पुढे कोण मागे हे टच कुठल्या क्रमाने पोचला त्यावर ठरतं, निव्वळ लॉटरी.

सीकॅशचा (आधी कंपाइल केलेलं साठवून पुन्हा वापरणारं टूल) कॅश शक्यतो उडवू नका. तो फाइलीतला मजकूर हॅश करून बघतो. अपवाद एकच, स्लॉपिनेसमध्ये ‘फाइल स्टॅट मॅचेस’ चालू केलं असेल तर तो पण वेळेवर विसंबतो, मग रिकामा करा. डिस्टसीसीच्या (कंपाइलचं काम इतर मशीन्सवर वाटणारं टूल) मशीन्सची पण काळजी नको, तिथे प्रीप्रोसेस केलेला कोड जातो आणि ऑब्जेक्ट परत येऊन तुमच्याच मशीनवर लिहिला जातो, शिक्का तुमचाच. मेकऐवजी वापरतात त्यातला बेझल मजकूर बघतो. निन्जा मात्र मेकसारखाच वेळ बघतो, त्याला हे सगळं लागू.

८. फाइली ने-आण करताना शिक्क्याचं काय होतं

गिट एमटाइम साठवत नाही. नवीन क्लोन केलं की प्रत्येक फाइलवर चेकआउटची वेळ, आणि त्यांच्यातला क्रम म्हणजे नशीब. म्हणूनच कॉन्फिगर आणि ते ज्यातून ऑटोकॉन्फ बनवतं ती कॉन्फिगर.एसी दोन्ही कमिट केलेल्या प्रोजेक्टमध्ये एका मशीनवर बिल्ड सरळ होतं आणि दुसऱ्यावर मधेच ऑटोकॉन्फ मागतं. घड्याळाचा काही संबंध नाही, उगाच क्रोनीला शिव्या देऊ नका.

सीआयमध्ये (कोड आला की आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) कालचे ऑब्जेक्ट कॅशमधून आणले आणि क्लोन आजचं केलं की सगळं पुन्हा कंपाइल होतं. मग कोणीतरी हुशारी करून ऑब्जेक्टना टच मारतं आणि आपण परत त्या शांत, घातक दिशेला. वर्कस्पेस ठेवा आणि नुसतं फेच करून पुढे न्या, गिट बदललेल्याच फाइली लिहितं, बाकीच्यांचे शिक्के टिकतात. नाहीतर सरळ सीकॅश.

साधा सीपी आणि हायफन टी नसलेला आरसिंक आत्ताची वेळ टाकतात. टार डीफॉल्टमध्ये पूर्ण सेकंदच ठेवतो, नॅनोसेकंद हवे तर पॅक्स फॉरमॅट. झिपचा मूळ फॉरमॅट दोन सेकंदांच्या पायरीने आणि झोनशिवाय लोकल वेळ ठेवतो, काही टूल्स जादा फील्डमध्ये यूटीसी घालतात, पण सगळी नाही. पुण्यातल्या लॅपटॉपवर केलेली झिप यूटीसीवरच्या सर्व्हरवर उघडली आणि सगळ्या फाइली साडेपाच तास भविष्यात, हे त्यामुळेच. बिल्ड मशीनवर झिप नको, आणि आलीच तर उघडताना टाइमझोन एशिया/कोलकाता द्या.

९. परत सुरू करताना

एजंटची सर्व्हिस घड्याळ जुळल्यावरच उठली पाहिजे. क्रोनीची वेट सर्व्हिस चालू करा आणि एजंटला टाइम-सिंक टार्गेटनंतर लावा, नुसतं टार्गेट लिहून वेट सर्व्हिस चालू केली नाही तर ते कोणासाठीच थांबत नाही. स्क्रिप्टमध्ये करायचं असेल तर ‘क्रोनीसी वेटसिंक ६० ०.०१’, म्हणजे फरक १० मिलिसेकंदांच्या आत येईपर्यंत साधारण १० मिनिटं वाट बघ.

रोजच्यासाठी बिल्डच्या पहिल्याच पायरीत तिसऱ्या पायरीतलं सँडविच टाका. मी १०० मिलिसेकंदांवर मेल पाठवतो आणि १ सेकंदावर बिल्डच फेल करतो. लोक कुरकुरतात, करू दे.

शेवटची चाचणी हाताने करा. एक बिल्ड पूर्ण होऊ द्या. लगेच, पाच सेकंदांच्या आत, दुसऱ्या मशीनवरून एनएफएसवरच्या एका हेडरमध्ये कॉन्स्टंट बदला. एक मिनिट थांबा, ॲट्रिब्यूट कॅश संपू द्या, मग पहिल्या मशीनवर मेक हायफन हायफन ट्रेस चालवा. ते हेडर वापरणाऱ्या जितक्या फाइली तुम्हाला ग्रेपमध्ये सापडल्या तितक्याच कंपाइल झाल्या पाहिजेत. कमी झाल्या तर एक तर मेकफाइलमध्ये डिपेंडन्सी लिहिलेली नाही, नाहीतर स्टोरेजच्या डब्याचा पासवर्ड असलेला माणूस शोधा.